पिसं येईपर्यंत

सासरहून परत येणाऱ्या बायका काय काय घेऊन येतात ते मी पाहिलंय. कुणी भांड्यांची पाटी आणते, कुणी कडेवर पोर आणते, कुणी नेसत्या लुगड्यानिशी येते. माझी आत्या बदकं घेऊन आली. सांगलीच्या पलीकडं कृष्णाकाठी तिचं सासर. तिथून तिनं एका मोठ्या डालग्यात बदकं कोंबली, वरून जुनं लुगडं बांधलं आणि एस्ट्या बदलत बदलत मेढ्याजवळच्या आमच्या गावात उतरली. कंडक्टर म्हणाला, डालगं टपावर टाका. आत्या म्हणाली, "मग मी बी टपावरच बसते." त्यानं कपाळावर हात मारला आणि तिला मागच्या बाकावर बसू दिलं.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी मॅट्रिकला नापास होऊन घरात बसले होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आत्या ही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. तिला मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. नुसती दुसरी केली असती तर आत्या तिथंच राहिली असती; राहायच्याच तेव्हा बायका. पण तो मारायचा. कासऱ्यानं मारायचा. आली त्या दिवशी न्हाणीत मी तिच्या पाठीवर पाणी घालायला गेले आणि ती पाठ बघून माझ्या हातातला तांब्या खाली पडला.

"तू कशाला रडतीस गं?" ती म्हणाली. "वळ माजं हायत."

आता आईबद्दल सांगते. माझी आई कधी आरडाओरडा करत नसे. आत्याला ती 'वन्सं' म्हणायची, कधी एकेरीवर यायची नाही, आणि जेवायला वाढताना "घ्या की अजून" म्हणायची. गावात सगळ्यांना वाटायचं, नणंद-भावजय असाव्या तर अशा. ओठात एक आणि पोटात एक असणारी माणसं पुढं मी खूप पाहिली, पण केसानं गळा कापायची कला माझ्या आईइतकी कुणाला साधलेली पाहिली नाही. कुणी म्हणेल, तिलाही सासुरवास झाला असेल. झाला असेल. मग?

पहिल्याच संध्याकाळी तिनं विषय काढला. "राहा की वन्सं, घर तुमचंच हाय. पर खाणारी तोंडं वाढली, त्यात ही बदकं. घरात लगीन करायची पोर हाय."

"बदकं माजं पोट भरत्यात, वैनी," आत्या म्हणाली. "तुमच्या भाकरीवर भार न्हाई टाकायची मी."

आबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. ते कातरतच राहिले. आबांना सगळं गाव देवमाणूस म्हणायचं. खरंच होतं ते. देवासारखेच बसून राहायचे.

आणि बदकांनी खरंच आत्याचं पोट भरलं. सहा माद्या आणि एक नर होता. गावात बदकाचं अंडं कुणी तोंडात घालत नसे, वशट लागतं म्हणायचे. पण आमच्याकडून दूध नेणारा गवळी पाचगणीपर्यंत जायचा, आणि तिथल्या एका बोर्डिंगातल्या आचाऱ्याला केक करायला हीच अंडी लागायची. गवळी अंडी न्यायचा आणि येताना चहा, साखर, साबण घेऊन यायचा. साखरेचा डबा भरलेला दिसायला लागला तशी आई गप्प झाली.

मला मात्र त्या बदकांचं याडच लागलं. सकाळी त्यांच्या खोपटाचं दार उघडलं की ती एकामागं एक रांगेनं वेण्णा नदीकडं निघायची, भातखाचरातून वाट काढत, ढुंगण हलवत. माद्यांचा गलका सगळ्या आळीला ऐकू जायचा. नराचा आवाज मात्र घसा बसल्यासारखा, आणि त्याच्या शेपटीवर एक वळलेलं पीस. पाण्यातून बाहेर आली की ती शेपटीच्या बुडाशी चोच घासायची आणि मग ती चोच सगळ्या अंगावर फिरवायची. आत्यानं मला एका मादीची शेपटी उचलून दाखवलं. तिथं तेलाची बारकी गाठ असते.

"ह्ये तेल पिसाला लावत्यात म्हनून पाणी आत जात न्हाई," ती म्हणाली. "पीस हाय तवर बदक. पीस न्हाई तर पाण्यात पडलेली वाकळ."

भादव्यात एके सकाळी खोपटात पिसंच पिसं पडलेली दिसली. आधी छातीची मऊ पिसं, मग पंखाची लांब. दोन-तीन दिवसांत बदकं ओळखू येईनाशी झाली. मानेवर टकलं पडली, पंख लोंबायला लागले, गलका बंद झाला. नदीवर जायची पण काठालाच बसून राहायची. हात लावायला गेलं की अंग चोरायची. आणि अंडी थांबली. एकीनं थांबवली, दुसरीनं थांबवली, पुढच्या आठवड्यात खोपटात अंडंच नाही.

मला वाटलं रोग आला. आत्या हसली. "रोग कुठला! साप कात टाकतो, तशी ही पिसं टाकत्यात. थंडीच्या आधी दरसाल. जुनं गेलं की नवं येतंय. सगळी ताकद पिसाला लागती, मग अंडं कुठनं देतील बिचारी?" तिनं एकीचा पंख अलगद उघडून दाखवला. कातडीतून निळसर कोंब वर आले होते. "ह्येला धक्का लावायचा न्हाई. ह्या नळीत रगात असतंय. मोडली तर भळाभळा वाहतंय. कळ बी लय येती त्यास्नी."

आईला मात्र भळाभळा वगैरे काही ऐकायचं नव्हतं. साखरेचा डबा तळाला आला होता. दुपारी भाकऱ्या थापता थापता ती बोलली, अगदी हवापाण्याच्या गोष्टी बोलाव्यात तशी. "वन्सं, तुमच्या मालकाचा निरोप आलाय. वाड्यावस्तीवर कामाला बाई पायजे म्हनत्यात. म्हनत्यात, झालं गेलं इसरून जावा, पाठवून द्या. भला मानूस हाय, न्हाई व्हय?"

आत्याच्या हातातली परात तशीच राहिली. मी म्हणाले, "भला कसला मेला! तिची पाठ बघितलीस का तू?"

"तू गप्प बस. उद्या तुला बी सासरी जायचंय," आई म्हणाली. "घरात टाकलेली आत्या बसलेली हाय म्हनल्यावर तुला कोन करून घेईल? परवाच्या पावण्यांनी काय इचारलं पयलं? घरात अजून कोनकोन हाय, ह्येच इचारलं."

आत्यानं परात खाली ठेवली. तिचा आवाज अजिबात हलला नाही, मला आठवतंय. "वैनी, भाऊबीजेपर्यंत थांबा. नवी पिसं आली की बदकं पुन्हा अंडी देतील. भाऊबीजेपर्यंत खोपटात अंडं न्हाई दिसलं, तर मला कुनी जा म्हनायची गरज न्हाई. माजी मी एस्टीत बसंन."

"आवं, मी कुठं जा म्हनले?" आई म्हणाली. "पर तुमीच बोलला, तर बरं झालं. सबूद हाय म्हनायचा."

ओसरीवर आबांनी खाकरून घसा साफ केला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी पानाची पिचकारी अंगणात टाकली आणि गोठ्याकडं गेले.

तेव्हापासून आत्याला दुसरं काही सुचत नव्हतं. भाताच्या खाचरांतून ती गोगलगाई वेचून आणायची, दगडावर ठेचायची आणि बदकांपुढं टाकायची. नदीतली बारकी मासळी, गांडुळं, घाण्यावरची शेंगदाण्याची पेंड, जे मिळेल ते. "पीस म्हंजे मांसच की गं," ती म्हणायची. "खाल्लं तर येनार." रोज संध्याकाळी ती एकेकीला मांडीवर घेऊन पंख उघडायची आणि कोंब किती वर आले ते बोटांवर मापायची. नवी पिसं नळीतून फुटून बाहेर यायला लागली होती. टोकाला इवलीशी, ओली, पेन्सिलीला टोक केल्यासारखी. मी पण मापायला लागले. देवाला काही मागायची मला सवय नव्हती, पण त्या दिवसांत मी बदकांच्या पिसांसाठी नवस बोलले.

घट बसायच्या आधी आमच्याकडं सगळं घर धुवून काढतात. भिंती पोतारायच्या, जमिनी सारवायच्या, आणि घरातलं पांघरूण म्हणून जे असेल ते नदीवर न्यायचं. वाकळा धुणं म्हणजे पाठीचा काटा ढिला करणारं काम. भिजलेली वाकळ दोघींना उचलत नाही, दगडावर टाकून पायांनी तुडवावी लागते. दरवर्षी आई यायची, शेजारणी यायच्या. त्या वर्षी आई म्हणाली, "तुमी दोघी जावा. मी घर सारवून घेते. घटात घरात पीस दिसता कामा न्हाई, तेवढं खोपाट बी झाडून काढते."

आत्याला बरं वाटलं. "वैनी खोपाट झाडायला तयार झाल्या बघ," वाटेत ती मला म्हणाली. दिवसभर आम्ही वाकळा तुडवल्या. ऊन चांगलं होतं. आत्या गाणं म्हणत होती, तिचा आवाज चांगला होता हे मला त्या दिवशी कळलं. काठावरच्या दगडांवर वाकळा वाळत टाकून आम्ही शिळी भाकरी आणि कांदा खाल्ला. ती म्हणाली, बदकं अंडी द्यायला लागली की पुढच्या साली पिल्लं काढू, गवळ्याला डालगंभर अंडी देऊ, तुझ्या लग्नात तुला चांगलं लुगडं घेईन माझ्या कमाईचं.

दिवस कलता कलता आम्ही घरी आलो. अंगण सारवून आरशासारखं केलं होतं. एक पीस नव्हतं कुठं. खोपटाच्या दारात एक पोतं तोंड बांधून ठेवलं होतं, फुगलेलं, पण हलकं. आणि भिंतीच्या कडेला बदकं उभी होती. मला आधी कळलंच नाही ती कोण आहेत. लाल, सोललेली, पिसं उपटलेल्या खड्ड्याखड्ड्यांतून रक्त आलेली, एकमेकींत डोकं खुपसून थरथरत होती. पायांना सुतळीचे वळ होते. नराच्या शेपटीवरचं ते वळलेलं पीस तेवढं राहिलं होतं. ते बहुधा गंमत म्हणून ठेवलं होतं.

आत्याच्या डोक्यावरची ओलसर वाकळ सारवलेल्या अंगणात पडली.

"आवं, वाकळ उचला, सारवलंय आताच," आई दारातून म्हणाली. तिच्या हातांना हळद लागली होती, घटाची तयारी चालली होती. "जुनी पिसं काढून टाकली. रोज थोडी थोडी झडत्यात, घरभर उडत्यात, घटावर एखादं पडलं म्हंजे? धनगर मेंढरं कातरतोय, तवा मेंढरं मरत्यात व्हय? उसाचं पाचट काढलं तर ऊस जोमानं येतोय. आता सगळी पिसं एकदम येतील. मी तुमच्याच भल्याचं केलं, वन्सं."

तिला खरंच तसं वाटलं का? हा प्रश्न मी आयुष्यभर स्वतःला विचारत आले. धनगर कातरतो, उपटत नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. नव्या नळ्या उपटताना हाताला रक्त लागलं असेल, तेव्हा तरी थांबली असती. ती थांबली नाही. सातव्या बदकापर्यंत थांबली नाही. मी तिच्या अंगावर ओरडले, तोंडाला येईल ते बोलले. सटवी म्हणाले, कसाई म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घटाच्या तोंडावर असलं बोलू नगंस. देवी ऐकती."

आबा रानातून आले. आत्या त्यांच्यासमोर एक मादी घेऊन उभी राहिली. आबांनी बघितलं आणि च्‌ च्‌ केलं. "काय ह्ये," म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग हातपाय धुवायला गेले.

एक मादी सकाळपर्यंतही राहिली नाही. दुसरीच्या जखमांवर माशा बसल्या आणि किडे पडले; आत्या काडीनं एकेक किडा काढायची, हळद आणि खोबरेल लावायची, पण ती गेली. मेढ्याकडची थंडी सांगलीसारखी नसते. अश्विन लागला की रात्री धुकं खाली उतरतं आणि पहाटे गवत ओलंचिंब असतं. आत्यानं बदकं चुलीपाशी आणायचं म्हटलं तर आई म्हणाली, घरात घट बसलेत, मेलेलं-सडलेलं आत नको. मग आत्या स्वतःच खोपटात झोपायला गेली. त्यांना पोटाशी घेऊन, वर वाकळ ओढून.

दिवसा काय करायचं? आत्यानं आपलं जुनं लुगडं फाडलं आणि बदकांना अंगडी शिवली. पंखांसाठी भोकं, गळ्याला नाडी, पोटाखालून गाठ. शिवण सुबक होती तिची. लहान बाळाची असतात तशीच झबली दिसायची. बदकं ती घालून अंगणात फिरायला लागली तशी गावभरची पोरं जमली. बायका कुडावरून डोकावून हसायला लागल्या. मलाही एकदा हसू आलं, खोटं कशाला सांगू. आत्यासुद्धा हसली. नर झबलं घालून फिरायचा तेव्हा गावच्या पाटलासारखा दिसायचा.

आई दारात येऊन बघत उभी राहिली. मग म्हणाली, "घ्या! वन्सं, शेवटी झबली शिवली म्हनायची तुमी."

कुडावरच्या बायका खळखळून हसल्या. आत्याच्या हातात सुईदोरा होता. तिनं दोरा दातानं तोडला आणि शेवटची गाठ मारली. त्या दिवशी ती जेवली नाही.

बदकांना पाण्यापासून लांब ठेवायचं होतं. पण बदकाला पाण्यापासून किती दिवस अडवणार? कुणीतरी खोपटाचं फाटक उघडं ठेवलं, आणि नर आपल्या जुन्या वाटेनं वेण्णेला गेला. आम्ही धावलो तोवर तो पाण्यात शिरला होता. अंगावर तेल नाही, पिसं नाहीत. झबलं भिजलं, जड झालं, आणि ते पोटाखालच्या गाठीसकट त्याला खाली ओढायला लागलं. आत्या लुगड्यासकट पाण्यात उतरली. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याची मान लोळत होती. आत्यानं भिजलेलं झबलं काढलं, पिळलं आणि खांद्यावर टाकलं. तिथं, काठावर बसून ती पहिल्यांदा रडली. "माज्याच हातानं शिवलं," एवढंच म्हणत होती.

दसऱ्यानंतर थंडी वाढली आणि आणखी तीन माद्या गेल्या. आई प्रत्येक वेळी हळहळायची, "अरे अरे" म्हणायची, आणि मग भाऊबीज किती जवळ आली ते पंचांगात बघायची. पुन्हा निरोप घेऊन आलेल्या माणसाबरोबर तिनं सांगलीकडं उलटा निरोपही पाठवला, दिवाळी झाली की येत्यात म्हणून.

पण एक मादी राहिली. मानेवर पांढरा ठिपका असलेली. ती का राहिली कुणास ठाऊक. चिवट असतात काही जीव. आत्या तिला कमरेला बांधल्यासारखी घेऊन फिरायची, आपल्या ताटातलं तिला घालायची. गोगलगाई संपल्या तेव्हा ती गुडघाभर चिखलात उतरून शिंपल्या काढून आणायची. आणि दिवाळीच्या आधी त्या मादीच्या पाठीवर कोंब फुटले. आधी कुसळं, मग नळ्या, मग नळ्या फोडून पिसं. एका आठवड्यात तिनं झबलं चोचीनं ओढून फाडून टाकलं. नवी पिसं जुन्यापेक्षा गडद होती आणि उन्हात हिरवी झाक मारायची. वसुबारसेला आत्यानं तिला नदीवर नेलं. ती पाण्यात शिरली, बुडी मारली आणि वर आली तेव्हा अंगावरून पाणी घरंगळून गेलं. मी काठावर नाचले अक्षरशः, सोळा-सतरा वर्षांची घोडी. आत्या नुसती उभी होती. तिच्या हनुवटीखालची शीर उडत होती.

पाडव्याच्या संध्याकाळी तिनं त्या मादीला मांडीवर उलटी घेतली आणि शेपटीखालच्या दोन हाडांच्या मधे बोटं ठेवली. आधी तिथं एक बोट जेमतेम मावायचं. आता तीन मावत होती.

"हाडं सुटली!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की गोठ्यातली म्हैस उठली. "पोरी, अंडं भरलंय पोटात. उद्या देती, न्हाईतर परवा. भाऊबीजेला अंडं!" तिनं मला मिठी मारली. चुलीपुढं करंज्या तळत आई बसली होती, तिनं मान वर करून बघितलं. "व्हय?" म्हणाली. "बरं झालं." आणि झाऱ्यानं करंजी उलटली.

भाऊबीजेला माझा मामा यायचा होता, आईचा धाकटा भाऊ. फौजेत होता, सुट्टीवर आला होता. सकाळी आईनं मला त्याला आणायला एस्टी स्टँडवर पाठवलं. एस्टी उशिरा आली. आम्ही घरी पोचलो तेव्हा घरभर मटणाच्या रश्शाचा वास सुटला होता. मामा म्हणाला, "वा, ताईनं बेत केलेला दिसतोय."

मागच्या दारी पाट्यापुढं आत्या बसली होती. वरवंटा हातात, कोपरापर्यंत हात मसाल्यानं लाल. वाटण करून झालं होतं, पाटा धुवायचा राहिला होता. ती पाट्याकडं बघत नव्हती. खोपटाच्या उघड्या फाटकाकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं, फाटकाकडं बघितलं, आणि मला कळलं.

"मला म्हनल्या वाटण वाटा," आत्या म्हणाली. "कोंबडीचं हाय म्हनल्या. मी चांगलं बारीक वाटलं गं."

मी चुलीपाशी गेले. आईला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती रस्सा ढवळत म्हणाली, "कोंबड्या अंड्यांवर खुडूक बसल्यात. माज्या भावाला उपाशी पाठवू?"

जेवायच्या आधी ओवाळणं झालं. आईनं मामाला ओवाळलं. आत्यानं हात धुतले, कपाळाचं कुंकू सारखं केलं आणि आबांना ओवाळलं. आबांनी तबकात खण टाकला. आईनंच तो आणून ठेवला होता. एरवी आमच्याकडं बायका मागून जेवायच्या, पण त्या दिवशी आई म्हणाली, सणाची भैनींनी भावाच्या पंक्तीला बसायचं, आणि तिनं आत्याचा पाट मुद्दाम आबांच्या शेजारी मांडला.

सगळ्यांना वाढून झाल्यावर आई चुलीकडून एक वाटी घेऊन आली. वाटीत उकडलेलं अंडं होतं, टरफलासकट. मोठं, हिरवट पांढरं. तिनं ते आत्याच्या ताटात ठेवलं.

"पोटातच घावलं," ती म्हणाली, गोड आवाजात. "पुरतं तयार होतं बगा, कवच बी धरलेलं. वन्सं, तुमचा सबूद खरा झाला. पर खोपटात दिसलं पायजे असं ठरलं होतं, न्हाई का?"

मामाला यातलं काही माहीत नव्हतं. तो हाड चोखत होता आणि बदक एवढं चविष्ट असतं हे माहीत नव्हतं म्हणाला. मी ताटावरून उठले. आत्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं.

मग तिनं अंडं पाटाच्या कडेवर टिचवलं. सावकाश सोललं. टरफलाचा एकेक तुकडा ताटाबाहेर ओळीनं ठेवला. आणि बोटांनी त्याचे दोन भाग करून त्यातला एक आबांच्या ताटात ठेवला.

"दादा," ती म्हणाली. आमच्या घरी आल्यापासून एवढ्या दिवसांत तिनं त्यांच्याकडं पहिल्यांदाच काही मागितलं. "भाऊबीज हाय. अंडं हाय. आता तू सांग. ऱ्हाऊ का जाऊ?"

कुणी जेवेना. मामाही थांबला. आई हातात रश्शाची पळी घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता. आता तरी. एक शब्द तर बोलायचाय. 'ऱ्हा' म्हणायचं फक्त.

आबांनी अंड्याकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. मग मान खाली घातली आणि मला म्हणाले, "मीठ दे गं जरा."

मी जागची हलले नाही. आत्या उठली, चुलीमागच्या फळीवरनं मिठाचा डबा आणला, आबांच्या ताटात अंड्याशेजारी चिमूटभर वाढलं, आणि गाठोडं बांधायला आत गेली.